आधी जगण्याचा पेच, मग स्वभाव: काल्पनिक प्रजाती कशी घडवावी

काल्पनिक कथा लिहू लागलेल्या मुलांच्या वह्यांत एक पान हमखास सापडतं. त्यावर त्यांनी घडवलेल्या प्रजातींची नावं असतात आणि प्रत्येक नावापुढे दोन-तीन विशेषणं. डोंगरातले: शूर, रागीट. पाण्यातले: शहाणे, अलिप्त. जमिनीखालचे: लोभी, कपटी. मग कथा सुरू होते आणि दहाव्या पानावर अडते. शूर प्रजातीतला प्रत्येक जण शूरपणे बोलतो, लोभी प्रजातीतला प्रत्येक जण सोनं मोजतो आणि वाचकाच्या लक्षात एकही चेहरा राहत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलंही आता अशी जगं रचताना दिसतात. कुणी चित्रकथा काढतं, कुणी गेमसाठी लिहितं. मला याचा फार आनंद आहे, आणि म्हणूनच हे विशेषणांचं पान त्यांच्या वाटेत येऊ नये असं वाटतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: प्रजातीत सगळ्यांना सारखा असतो तो जगण्याचा पेच. स्वभाव म्हणजे त्या पेचातून प्रत्येकाने काढलेली वाट. पेच एक असल्यामुळे वाटा एकमेकींसारख्या दिसतात, तरी एकच वाट सगळे धरत नाहीत. लेखकाने आधी पेच घडवावा. विशेषणं वाचक आपली आपण शोधतो.

दोन पिंगळे

खऱ्या सृष्टीत हे कसं चालतं ते पाहायला लांब जायला नको. पिंगळा आपल्या ओळखीचा. जुन्या आंब्याच्या ढोलीत नाहीतर पडक्या भिंतीच्या भोकात राहतो, तिन्हीसांजेला बाहेर पडतो, दिव्याभोवती जमलेले किडे टिपतो. माणसांच्या वस्तीचं त्याला वावडं नाही. त्याचा नातलग रानपिंगळा दिसायला बराचसा तसाच, पण राहतो सागाच्या जंगलात आणि वावरतो दिवसाढवळ्या. उंच, निष्पर्ण फांदीवर उघड्यावर बसतो, शेपटी हलवत राहतो, सरडे, सापसुरळ्या, उंदीर धरतो.

या रानपिंगळ्याची शास्त्रीय नोंद १८७३ साली झाली आणि १८८४ नंतर तो खात्रीने कुणाला सापडला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षीअभ्यासकांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं ज्याला जग हरवलेला समजत होतं, तो आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी भर उन्हात फांदीवर बसत होता. मधल्या शोधांची दिशा चुकली, त्यात एका ब्रिटिश संग्राहकाचा मोठा हात होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेनने संग्रहालयातून चोरलेल्या रानपिंगळ्याच्या नमुन्यावर 'मांडवी, गुजरात, १९१४' अशी खोटी चिठ्ठी लावली होती. खानदेशातल्या कुणालाही ही गोष्ट माहीत असावी असं मला वाटतं, कथा लिहीत असो वा नसो.

आता या दोघांचं वर्णन करताना हात आपोआप 'धीट' आणि 'बुजरा' या शब्दांकडे जातो. पण धीट कोण? माणसांच्या घरात घरटं करणारा, की भर दिवसा सगळ्यांना दिसेल असा बसणारा? दोघंही आपापल्या ठिकाणी धीट आहेत आणि आपापल्या ठिकाणी सावध. खाणं कुठे मिळतं, ते कोणत्या वेळी हलतं, पिल्लं ठेवायला ढोली कुठे आहे, हे कळलं की विशेषण न लावताही स्वभाव डोळ्यांपुढे उभा राहतो.

भूक, नशीब आणि शेजारी

याहून बारीक उदाहरण मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या रक्त पिणाऱ्या वटवाघळांचं. त्यांना साधारण तीन दिवस रक्त मिळालं नाही तर ती मरतात. रोज रात्री शिकार जमतेच असं नाही, विशेषतः लहान वटवाघळांना. अशा उपाशी वटवाघळाला ढोलीतलं दुसरं वटवाघूळ आपण प्यायलेलं थोडं रक्त उलटी करून पाजतं. गेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. कुणीही कुणालाही पाजत नाही, असं त्यातून दिसलं. नात्यातल्यांना पाजलं जातं, आणि ज्यांच्याशी ढोलीत रोजची जवळीक आहे त्यांना. पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट ठळक झाली: पूर्वी आपल्याला कुणी पाजलं याचाही प्रभाव पडतो.

'उदार' हा शब्द इथे तोकडा पडतो. हा हिशेब ठेवणारा उदारपणा आहे आणि तो तीन गोष्टींतून आला आहे. भूक लवकर जीव घेते. नशीब रोज सगळ्यांना सारखं नसतं. आणि शेजारी वर्षानुवर्षं तेच राहतात. यातली एकच गोष्ट बदलून पाहा. भूक महिनाभर सोसता आली असती तर वाटून घेण्याची निकड उरली नसती. शेजारी रोज बदलले असते तर कुणी काय दिलं हे लक्षात ठेवून उपयोग नव्हता. सगळ्यांना रोज सारखंच मिळालं असतं तर देण्याघेण्याला अर्थच नसता.

लेखकासाठी हे सोनं आहे. तीन साधी वाक्यं लिहिली की त्यांतून अख्खी नीती बाहेर येते: कृतज्ञता म्हणजे काय, कृतघ्न कोण, लहानांना आधी काय शिकवायचं, म्हाताऱ्यांचा मान कशासाठी.

तापीकाठचे दरडू

एक प्रजाती घडवून पाहू. जळगाव जिल्ह्यात तापीच्या दोन्ही काठांना गाळाची खोल माती आहे. पावसाच्या पाण्याने ती चिरत जाते आणि नदीकडे उतरणाऱ्या घळी तयार होतात. कडा उभ्या, माती भुसभुशीत. उन्हाळ्यात भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. पावसाळ्यात नदी अशी की इथे आभाळ कोरडं असलं तरी वर मेळघाटात, मध्य प्रदेशातल्या डोंगरांत पाऊस झाला की पाणी येतं.

या कडांमध्ये बिळं करून राहणारी, माणसाच्या गुडघ्याएवढी, बोलणारी प्रजाती कल्पा. त्यांना मी दरडू म्हणतो. त्यांच्याबद्दल अजून एकही विशेषण लिहायचं नाही. जागा काय मागते एवढंच विचारत जायचं.

दरड कोसळते. कोणतंही बीळ चार-पाच पावसाळ्यांहून जास्त टिकत नाही. म्हणून दरडूंना वाडवडिलांचं घर ही कल्पनाच नाही आणि घराचा अभिमानही नाही. अभिमान असतो हातांचा. लग्न जुळवताना स्थळाचं बीळ कुणी पाहत नाही, नखं पाहतात.

दरड झोपेतही कोसळते. मातीखाली गाडला गेलेला दरडू स्वतःहून सुटत नाही, कुणीतरी लगेच उकरायला लागतं. म्हणून प्रत्येकाचा एक उकऱ्या ठरलेला असतो: तू गाडला गेलास तर तुझ्याकडे आधी धावणारा तो. हा करार लहानपणीच होतो, बहुधा घराबाहेरच्याशी, कारण घरचे तुझ्यासोबतच गाडले गेलेले असणार. पाहा, इथे जागेनेच एक नातं जन्माला घातलं, जे माणसांत नाही. सोयरीक मोडली तर चालते. उकऱ्याचा शब्द मोडला की तो दरडू सगळ्यांना मेला. भांडणात सगळ्यांत जिव्हारी लागणारी शिवी म्हणजे 'तुला कोण उकरणार?'

आवाजाने आणि धक्क्याने माती सुटते. म्हणून दरडू हळू बोलतात, आणि पाय आपटणं हा त्यांच्यात गुन्हा आहे. तापलेलं मूल थयथयाट करू लागलं की आई त्याला मारत नाही, दोन्ही पाय हातांत धरून ठेवते. संतापलेला मोठा दरडू निश्चल होतो. जितका राग जास्त, तितका तो दगडासारखा.

पाणी आभाळ न सांगता येतं. म्हणून डोळ्यांवर त्यांचा विश्वास कमी आणि तळपायांवर जास्त. पुराचा कंप मातीतून आधी कळतो. 'मी डोळ्यांनी पाहिलं' ही त्यांच्यात कच्ची साक्ष, 'मला पायाला लागलं' ही पक्की. खोटं बोलणाऱ्याला ते म्हणतील, 'याने आभाळ पाहिलंय.'

आणि उन्हाळा. दिवसभर बाहेर पडणं अशक्य, एका बिळात वीस-पंचवीस जण दाटीने. अशा दाटीत एकांत भिंतीने मिळत नाही, रीतीने मिळवावा लागतो. म्हणून एकमेकांकडे टक लावून न पाहणं हे सभ्यपणाचं पहिलं लक्षण. बोलताना दरडू डोळे अर्धे मिटतो. तो आदर असतो.

आता वाचकाला विचारा, दरडू कसे आहेत? तो सांगेल: शांत, सावध, शब्दाला जागणारे, थोडे संशयी. यातला एकही शब्द आपण लिहिला नाही. म्हणूनच तो वाचकाला पटतो.

एकसारखे तरी वेगवेगळे

पुष्कळ जण इथपर्यंत छान येतात आणि मग सगळे दरडू एकाच साच्यातले लिहून टाकतात. सृष्टी तसं करत नाही. कुत्र्यांच्या जाती माणसाने शतकानुशतकं मुद्दाम निवडून घडवल्या. तरी २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या, १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात दिसलं की एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकाचा फक्त सुमारे ९ टक्के भाग त्याच्या जातीवरून सांगता येतो. एवढ्या मेहनतीने घडवलेल्या जातींची ही गत, तर नदीकाठी आपोआप वाढलेल्या प्रजातीत किती विविधता असेल!

ही विविधता टिकते कशी, याचं सुंदर उत्तर नेदरलँड्समधल्या ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्याच्या अभ्यासातून मिळतं. त्यात काही पक्षी नवी जागा झपाट्याने धुंडाळतात, काही सावकाश, आणि ही वृत्ती काही अंशी आईबापांकडून येते. पण कोण जगतं हे त्या वर्षी हिवाळ्यात खाणं किती आहे यावर ठरतं. एका वर्षी धडाडीचे तरतात, दुसऱ्या वर्षी सावकाश चालणारे. वर्षं बदलत राहतात, म्हणून दोन्ही वृत्ती टिकून राहतात.

दरडूंमध्येही हेच आणा. ओल्या वर्षी घाबरट तरतात, जे पहिल्या कंपाला बीळ सोडून वर पळतात. कोरड्या वर्षी धाडसी तरतात, जे जुनी जागा सोडून लांबच्या केळीच्या बागांपर्यंत जातात. म्हणून प्रत्येक बिळात दोन्ही तऱ्हा असणार आणि दोघांचं एकमेकांशी कायम वाजणार, अर्थात हळू आवाजात.

मग माणसं सुचू लागतात. एक बाई आहे, जिला आपल्या माणसापर्यंत पोचायला उशीर झाला. आता तिने निम्म्या वस्तीची उकऱ्या व्हायचं कबूल केलंय, तिला झोप येत नाही, आणि एका वेळी दोन दरडी कोसळल्या तर काय, हा प्रश्न तिच्या तोंडावर विचारायची कुणाची हिंमत नाही. एक पोरगा आहे, ज्याला कुणाचं देणं नको. तो उकऱ्या ठरवत नाही आणि घळीवरच्या निंबाच्या झाडावर राहायला गेलाय, भर उन्हात. एक सधन दरडू आहे, त्याने धान्य देऊन पाच उकरे बांधून ठेवलेत, आणि खरी वेळ आल्यावर ते येतील की नाही या शंकेने तो रात्री बिळाच्या तोंडाशी झोपतो. आणि एक म्हातारा, सगळी वस्ती ज्याच्या तळपायांवर भरवसा ठेवते. त्या तळपायांना आता काही जाणवत नाही, हे फक्त त्यालाच माहीत आहे.

यातली बाई शांत नाही, पोरगा सावध नाही, सधन दरडू कुणावर विश्वास टाकत नाही, म्हातारा खरं बोलत नाही. तरी चौघंही फक्त दरडूच असू शकतात. त्यांना सातपुड्यावर नेऊन ठेवलं तर त्यांच्या गोष्टीच उरत नाहीत. प्रजाती नीट जमलीय की नाही हे तपासायला मी हीच कसोटी वापरतो.

विविधता प्रदेशाचीही असते. आपल्या खानदेशातच पाहा ना. धुळ्याकडची अहिराणी, यावल-रावेरकडची लेवा गणबोली, नंदुरबारच्या डोंगरातली भिली आणि पावरी, या एवढ्याशा मुलखात कुणी 'खानदेशी माणूस असा असतो' म्हणून एक ओळ लिहिली तर आपण ती मान्य करणार नाही. मग चंद्रावरच्या किंवा समुद्रतळाच्या प्रजातीला एकच भाषा, एकच देव आणि एकच पोशाख देताना दोनदा विचार करावा.

बाहेरच्यांनी लावलेलं नाव

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण हा भाग कथेपुरता उरत नाही. केळीच्या बागेत रात्री दरडू पाहणारा शेतकरी काय सांगेल? 'रात्रीचे फिरतात, नजरेला नजर देत नाहीत, कुजबुजतात. चोर आहेत.' आपल्याला कारणं ठाऊक आहेत: ऊन, दाटी, भुसभुशीत माती. त्याला ती ठाऊक नाहीत.

खानदेशात हे खरोखर घडलेलं आहे. १८१८ नंतर इथे आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी भिल्लांच्या उठावांकडे आणि लुटींकडे पाहून लुटारूपणा त्यांच्या स्वभावातच मानला. घाटवाटांची राखण आणि त्याबद्दलचे त्यांचे परंपरागत हक्क मागच्या धामधुमीत मोडले होते, ही गोष्ट त्या शब्दाआड दडली. १८२५ साली जेम्स आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याच भिल्लांतून भिल्ल कोअर ही सैन्यतुकडी उभी केली, धरणगाव हे तिचं ठाणं, आणि तेच लोक मुलखाचा बंदोबस्त पाहू लागले. माणसं तीच होती, रोजचा पेच बदलला होता. तरी साम्राज्य काही शिकलं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशभरातल्या कितीतरी समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावं लागलं.

म्हणून 'ही प्रजाती जन्मतःच कपटी' हे वाक्य लेखकाच्या आवाजात येऊ नये असं मला मनापासून वाटतं. पात्राच्या तोंडी ते जरूर यावं. शेतकरी ते म्हणेल, दरडूही शेतकऱ्याबद्दल काहीतरी म्हणतील: 'ही माणसं पाय आपटत चालतात, डोळे फाडून बघतात, यांना कुणी शिकवलंच नाही.' दोन गैरसमज समोरासमोर उभे राहिले की कथेला वेगळा खलनायक शोधावा लागत नाही.

पेच सुटतो, सवय उरते

स्वभाव परिस्थितीच्या मागून चालतो, पण बराच मागून. ज्या बेटांवर शिकारी प्राणी नव्हते तिथल्या पक्ष्यांना भीतीच उरली नाही. माणसं आणि त्यांच्याबरोबरचे प्राणी पोचल्यावर मॉरिशसचा डोडो संपला, कारण नवी भीती शिकायला वेळ मिळाला नाही. उलटंही होतं: धोका जातो आणि त्याभोवतीची रीत पिढ्यान्‌पिढ्या राहते.

दरडूंच्या जगात हा बदल हतनूर धरणाने आणता येईल. भुसावळजवळच्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडताना काठच्या गावांना आधी इशारा दिला जातो. समजा दरडूंनी तो इशारा ऐकायला सुरुवात केली. आता तळपायांची विद्या कशाला? तरुण म्हणतील, माणसांचा इशारा पुरे. म्हातारे म्हणतील, कानाने ऐकलेलं खरं कसं मानायचं? पाय न आपटण्याची रीत मात्र दोघंही सोडणार नाहीत. जिचं मूळ कारण विसरलं गेलंय अशी रीत कथेत आली की त्या प्रजातीला इतिहास आहे असं वाचकाला आपोआप जाणवतं.

शरीराबद्दल फार लिहीत नाही, ते बहुतेकांना जमतं. फक्त आयुष्य किती आणि पिल्लांना कोण वाढवतं, हे दोन प्रश्न टाळू नयेत. ऑक्टोपस कमालीचा हुशार, पण बहुतेक प्रजातींत तो एक-दोन वर्षंच जगतो, आणि मादी अंडी फुटण्याच्या सुमारास मरते. आईने शिकवलेलं असं पिल्लाजवळ काही नसतं. अशा बुद्धिमान प्रजातीत म्हणी, शपथा, वडीलधारे यांतलं काहीच नसेल. तिला माणसासारखी राजसभा दिली की सगळं कोसळतं.

आणि एक गुण बदलला की त्याच्याबरोबर दुसरं काय हलतं तेही पाहावं. सोव्हिएत रशियात नोव्होसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. पिढ्यामागून पिढ्या फक्त सर्वांत माणसाळू कोल्ही निवडली. पुढे काहींचे कान लोंबू लागले, शेपट्या वळल्या, अंगावर पांढरे डाग आले. कुणी कान निवडले नव्हते. तुमच्या प्रजातीत एखादा गुण आणताना त्याच्या मागून न मागता काय येईल, हे लिहून ठेवा. दरडूंची हळू बोलण्याची सवय आली तेव्हा गाणं गेलं असणार. मग ते नाचतात का? पाय आपटता येत नसताना? मला वाटतं ते हातांनी नाचतात, बसून, एकमेकांच्या तळव्यांवर बोटांनी ताल धरत, आणि जो ज्याचा उकऱ्या त्याच्याच हातावर.

लिहायला बसाल तेव्हा दरडू शांत असतात हे सांगत बसू नका. त्या बाईपासून सुरुवात करा. रात्री धरणावरून इशारा येतो, म्हातारा म्हणतो पायाला काहीच लागत नाहीये, सगळे त्याच्यावर विश्वास ठेवून बिळातच राहतात, आणि निंबावरचा पोरगा वरून पाणी पाहतो. त्याने डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे त्याची साक्ष कच्ची. त्याला खाली येऊन ओरडावं लागेल, कदाचित पायही आपटावे लागतील. पहिलं प्रकरण तिथवर न्या.